बाबिलोनची इश्तार: नुसती प्रेमदेवता?

चांदणवेल

उरुकचा राजा गिल्गामेश देवदारांच्या जंगलातल्या हुम्बाबा राक्षसाला मारून उरुकला परततो. केस धुतो, मळके कपडे टाकून देतो, चांगली वस्त्रं नेसतो, मुकुट चढवतो. आणि इश्तारची त्याच्यावर नजर जाते. ती आडून काही सुचवत नाही. सरळ म्हणते, ये, माझा नवरा हो. तुला सोन्याचा नि लाजवर्दाचा रथ जुंपून देते. राजेरजवाडे तुझ्यापुढे वाकतील. तुझ्या शेळ्यांना तिळी होतील, मेंढ्यांना जुळी.

देवीला नाही म्हणायचं तर माणूस जरा जपून बोलेल. गिल्गामेश म्हणतो: तू थंडीत विझणारी शेगडी, वारा न अडवणारं दार, उचलणाऱ्याचे हात काळे करणारं डांबर, वाहणाऱ्यालाच भिजवणारी पखाल, पायाला चावणारी चप्पल. मग तिच्या जुन्या प्रियकरांची यादीच वाचतो. तम्मुझ: त्याच्या नशिबी वर्षानुवर्षं रडारड. रंगीबेरंगी अल्लल्लू पक्षी: पंख मोडून घेतला, आता रानात 'माझा पंख, माझा पंख' ओरडत बसतो. सिंह: त्याच्यासाठी सात नि सात खड्डे खणले. घोडा: चाबूक, टाच, आणि स्वतःच गढूळ केलेलं पाणी प्यायचं. एक मेंढपाळ रोज तिच्यासाठी निखाऱ्यांवर भाकरी भाजायचा, करडू कापायचा. त्याचा तिने लांडगा केला, आता त्याचेच कुत्रे त्याच्या पोटऱ्या फाडतात. शेवटी तिच्या बापाचा माळी इशुल्लानू, जो रोज खजुराच्या टोपल्या आणून द्यायचा. त्याने नकार दिला म्हणून तोही गेला कामातून.

इश्तार रडत वर जाते, बाप अनूकडे तक्रार करते. अनू काय म्हणतो? 'अगं, पण कळ तूच काढलीस ना?' (हे माझं स्वैर मराठी, पण आशय तोच आहे. चार हजार वर्षांपूर्वीचे बाप काही वेगळे नव्हते.)

हे सगळं गिल्गामेश महाकाव्याच्या सहाव्या मातीच्या पाटीवर आहे. बहुतेक ठिकाणी मात्र इश्तारची ओळख एका ओळीत उरकतात: बाबिलोनची प्रेमाची देवता. फार तर 'आणि युद्धाचीही' अशी पुस्ती. माझं म्हणणं असं की प्रेमदेवता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, म्हणजे जोडपं, संसार, हळवेपणा, त्यातलं इश्तारकडे फारच थोडं आहे. तिच्याकडे आहे ती ओढ. ती ओढ ज्याला लागते त्याचं पुढे काय होतं, याच्याशी तिला काही कर्तव्य नाही. आणि बाबिलोनच्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. तरीही त्यांनी तिला पुजलं. मला तर वाटतं, म्हणूनच पुजलं.

थोडी पार्श्वभूमी. इश्तार हे अक्कडी, म्हणजे बाबिलोनच्या भाषेतलं नाव. त्याआधीचे दक्षिण इराकमधले सुमेरी लोक तिला इनान्ना म्हणत. मूळ ठाणं उरुक, आजच्या दक्षिण इराकमधलं वर्का. तिथलं तिचं देऊळ एआन्ना. चंद्रदेव सिन तिचा बाप (काही ठिकाणी अनू), सूर्यदेव शमश भाऊ, पाताळाची राणी एरेश्किगल बहीण. वाहन म्हणा, सोबती म्हणा, सिंह. खूण म्हणजे आठ टोकांची चांदणी, कारण शुक्र हा ग्रह तिचाच.

गोड बाजू नाहीच असं नाही. सुमेरी गाण्यांतली इनान्ना खट्याळ पोरगी आहे. एका गाण्यात रात्री उशीर झाला म्हणून दुमुझी (हाच पुढचा तम्मुझ) तिला आईशी काय खोटं बोलायचं ते शिकवतो: सांग, मैत्रिणीने चौकात नेलं, तिथे गाणं-नाचणं चाललं होतं. दुसऱ्या एका रचनेत भाऊ तिला दुमुझीशी लग्न कर म्हणतो आणि ही अडून बसते: मला मेंढपाळ नको, शेतकरी हवा! राजा अम्मिदिताना याच्या काळातल्या एका सुंदर बाबिलोनी स्तोत्रात तर ती आनंद आणि प्रेम पांघरून येते, तिच्या ओठांत गोडी आहे आणि मुखात जीवन.

पण याच दुमुझीचं काय होतं, ते तिच्या पाताळयात्रेत कळतं. सुमेरी कथा चारेकशे ओळींची, अक्कडी इश्तारची जेमतेम एकशे चाळीस. इश्तार 'परत न येण्याच्या देशा'कडे निघते. तिथे धूळ हेच अन्न, माती हीच भाकरी, आणि मेलेल्यांच्या अंगावर पाखरांसारखी पिसं. दारावर पोचल्यावर ती विनंती करत नाही, धमकी देते: दार उघड, नाहीतर फळ्या फोडीन, मेलेल्यांना वर आणीन, ते जिवंतांना खातील आणि जिवंतांपेक्षा मेलेलेच जास्त होतील. दारवान बहिणीला विचारून येतो आणि सात दारांतून एकेक दागिना उतरवून तिला आत घेतो. मुकुट, कानातलं, गळ्यातले मणी, छातीवरच्या टाचण्या, कमरेची मेखला, हातापायांतली कडी, शेवटी अंगावरचं वस्त्र. प्रत्येक दाराशी ती विचारते, हे का काढलंस? प्रत्येक वेळी एकच उत्तर: आत चला बाईसाहेब, पाताळाच्या राणीचे नियम असेच आहेत.

आणि वर काय होतं? बैल गायीकडे जात नाही, गाढव गाढवीकडे जात नाही, गल्लीतला तरुण पोरीकडे फिरकत नाही. तो आपल्या खोलीत निजतो, ती आपल्या मैत्रिणींत. पीक करपलं, दुष्काळ पडला असं इथे काही सांगितलेलं नाही. फक्त ओढ थांबली, आणि देवांची तेवढ्यानेच गाळण उडाली.

सुमेरी कथेत ती सुटून येते ती अटीवर: बदली माणूस द्यायचा. पाताळाचे गल्ला, म्हणजे यमदूतच म्हणा, मागे लागलेले. तिच्यासाठी रडलेल्या, अंगाला धूळ फासलेल्या माणसांना ती सोडते. दुमुझी मात्र भरजरी कपडे घालून सिंहासनावर आरामात बसलेला दिसतो. ती म्हणते, याला न्या.

आता सांगा, ही प्रेमदेवता का?

सांजवात

वाचनखूण साठवली. पखाल आणि चप्पल भारीच!

एक शंका. कॉलेजात असताना कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की बाबिलोनमध्ये प्रत्येक बाईला आयुष्यात एकदा या देवीच्या देवळात जाऊन परक्या माणसाबरोबर जावंच लागायचं. हे खरं आहे का? तेव्हापासून इश्तार म्हटलं की मला तेच आठवतं.

पुराणातली_वांगी

सांजवात, हे सगळं हेरोडोटसच्या कृपेने. इ.स.पू. ५व्या शतकातला ग्रीक इतिहासकार, त्याच्या इतिहासाच्या पहिल्याच खंडात हे वर्णन आहे. बायका डोक्याला दोरी गुंडाळून देवळाच्या आवारात बसतात, मधून सरळ वाटा आखलेल्या, पुरुष फिरतात, एक जण मांडीवर चांदीचं नाणं टाकतो, देवीचं नाव घेतो आणि तिला नाही म्हणायची सोय नाही. वर हेही सांगतो की देखण्या बायका लवकर सुटतात, कुरूप असतील त्या तीन-तीन, चार-चार वर्षं बसतात. हा शेवटचा भाग वाचला की मला तरी इतिहास कमी आणि दारूच्या गुत्त्यातली गप जास्त ऐकू येते.

मेसोपोटेमियाच्या देवळांचे हिशोब, करार, नोकरांच्या याद्या, लग्नाचे दस्त हजारोंच्या संख्येने मातीच्या पाट्यांवर उरलेले आहेत. किती जव आला, किती बिअर गेली, कुणाची मेंढी मेली, सगळं. प्रत्येक बाईला लागू असलेली एवढी मोठी प्रथा त्यांत कुठेच उमटू नये? म्हणून आज बरेच अभ्यासक ही कथा मानत नाहीत. बाबिलोन म्हणजे उलटं जग, तिथे सगळं आपल्या विरुद्ध, हे ग्रीकांना दाखवायचंच होतं.

मात्र याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वेश्या, बिनलग्नाच्या बायका, दारूचे गुत्ते हे सगळं इश्तारच्या छत्राखाली होतंच. महाकाव्यात इश्तार गिल्गामेशवर स्वर्गातला बैल सोडते. गिल्गामेशचा मित्र एन्किडू त्या बैलाची मांडी तोडून तिच्या अंगावर भिरकावतो, तेव्हा ती उरुकच्या अशाच बायकांना गोळा करून त्या मांडीवर शोक करते. गुत्त्याचा धंदा चालावा म्हणून इश्तारची आळवणी करण्याचा विधीसुद्धा सापडलाय. तेव्हा देवीचा या जगाशी संबंध नव्हता असं नाही. हेरोडोटसची सक्ती तेवढी बिनबुडाची वाटते.

दुर्बीणवाला

चांदणवेल, छान धागा. शुक्राचा उल्लेख एका ओळीत उरकलात म्हणून मी पुढचं लिहितो.

शुक्र काही महिने संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, मग काही दिवस गायब, मग पहाटे पूर्वेला. पहाटेचे महिने संपले की पुन्हा गायब, यावेळी बरेच दिवस. हे पूर्ण चक्र सुमारे ५८४ दिवसांचं. आणि अशी ५ चक्रं झाली की बरोब्बर ८ वर्षं होतात (दोनेक दिवसांचा फरक). म्हणजे ८ वर्षांनी शुक्र त्याच तारखेला जवळजवळ त्याच जागी. बाबिलोनच्या लोकांना हे समजलेलं होतं. अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या उदयास्तांची २१ वर्षांची नोंद असलेली पाटी प्रसिद्ध आहे. राजाचं नाव कसं कळलं तेही मजेशीर आहे: नोंदींच्या मध्येच 'सोन्याच्या सिंहासनाचं वर्ष' असा शब्दप्रयोग आला. तो या राजाच्या एका वर्षाचं नाव आहे, हे १९१२ साली कुग्लर या अभ्यासकाच्या लक्षात आलं. आपल्याकडे असलेली प्रत पुढच्या काळातली, अ‍ॅसिरियाची राजधानी निनवेच्या ग्रंथालयातली. हम्मुराबी नेमका कधी झाला या वादात आजही ही पाटी ओढली जाते.

आठ वर्षं म्हणून चांदणीला आठ टोकं, असंही कुणी कुणी म्हणतं. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. पण देवी पाताळात उतरते नि परत येते ही कथा आकाशात दर १९ महिन्यांनी घडताना दिसते, हे नाकारता येत नाही. शिवाय काही मजकुरांत ती संध्याकाळी बाई आणि पहाटे पुरुष आहे. एकीकडे प्रेम, दुसरीकडे युद्ध. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच असावं.

अवांतर: आपल्या शुक्राचार्यांना हे सांगायची हिंमत कोण करणार!

स्प्रेकाठचा

बर्लिनमधून हजेरी. इश्तार द्वाराबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

नेबुखद्नेझर दुसरा याने इ.स.पू. ६व्या शतकात बांधलेलं. कोल्डेवाई नावाच्या जर्मन वास्तुविशारदाने १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबिलोन खणलं. निळ्या मिन्याच्या विटांचे तुकडे पेट्या भरभरून इकडे आले, मुरलेलं मीठ काढायला धुतले, जुळवले आणि १९३०ला पेर्गामोन संग्रहालयात द्वार उभं राहिलं. तेही पुढचं लहान द्वार बरं का. मागचं मोठं तर छतात मावलंच नसतं.

समोर उभं राहिलं की आधी निळा रंगच अंगावर येतो. मग जवळ गेलं की कळतं, काही विटा जुन्या, ओरखडलेल्या, निळ्यात हिरवट छटा. आणि बाकीच्या सपाट, एकसारख्या, त्या विसाव्या शतकातल्या. जनावरं मात्र बरीचशी अस्सल. आता गंमत बघा: द्वारावर इश्तारचं जनावर नाहीच! तिथे आहेत बैल (अदाद या पावसाच्या देवाचे) आणि सापाच्या मानेचे, मागे गरुडाचे पंजे असलेले मुश्हुश्शू (बाबिलोनचा मुख्य देव मार्दुकचे). इश्तारचे सिंह आहेत ते द्वाराकडे येणाऱ्या मिरवणूक-रस्त्याच्या भिंतींवर. जबडा उघडा, पाऊल पुढे. म्हणजे नवीन वर्षाच्या सणाला मिरवणूक निघाली की दोन्ही बाजूंना सिंहांची रांग.

द्वाराचं पूर्ण नावही प्रेमाबिमाचं नाही. 'इश्तार आपल्यावर चालून येणाऱ्याला आडवं पाडते' अशा अर्थाचं आहे.

कुणी इकडे यायचा बेत करत असाल तर आधी चौकशी करा, संग्रहालय २०२३च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

खणखणीत

लेख आवडला, पण धागाकर्तीने पुरावे सोयीने निवडलेत असं माझं स्पष्ट मत. ओढ आहे, माया नाही, असा एकूण सूर आहे. मग अ‍ॅसिरियाचा राजा अशुरबानिपाल याचं काय? त्याचा आणि नाबू देवाचा एक संवाद उपलब्ध आहे. त्यात नाबू त्याला आठवण करून देतो की निनवेच्या राणीच्या, म्हणजे इश्तारच्या, मांडीवर तू बसलास तेव्हा अगदी दुबळा होतास. तिची चार स्तनं तुझ्या तोंडाशी होती. दोन तू चोखत होतास, दोनांचं दूध स्वतःच्या तोंडावर पिळत होतास. याहून आईपण आणखी काय असतं?

अशुरबानिपालच्या बापाला, एसरहद्दोनलाही अर्बेला शहराची इश्तार पुजारणींच्या तोंडून सांगते, भिऊ नकोस, मी आहे. दाई म्हणून, आई म्हणून. ही भाषा मायेची नाही तर कशाची?

चांदणवेल

खणखणीत, चार स्तनांचा तो मजकूर मला फार आवडतो. तो मी मुद्दाम वगळला, कारण तो राजवाड्यातला आहे. ते दूध कुणाला मिळतं? राजाला, आणि फक्त राजाला. एसरहद्दोनला भावांशी झगडून गादी मिळाली होती. 'भिऊ नकोस' या वाक्याच्या मागेपुढे शत्रूंना तुझ्या पायाशी आणीन, त्यांचं अमुक करीन, हेच चाललंय. ती आई आहे ती सेनापतीची आई आहे. घरात बाळंतीण अडली तर बाबिलोनची बाई काही इश्तारला पहिली हाक मारत नसे, त्यासाठी वेगळ्या देवता होत्या.

पण तुमच्यामुळे एक बरं झालं, प्रेम आणि सत्ता यांचा धागा पुढे आला. सुमेरी राजे स्वतःला इनान्नाचा नवरा म्हणवून घेत. उरचा शुल्गी, इसिनचा इद्दिन-दगान यांच्यावर तशी गाणी आहेत. शय्या कशी सजवली, सुगंधी तेल कुठे शिंपडलं, इथपर्यंत. खरोखर विधी व्हायचा की नुसती कविता, यावर वाद आहे. मला तरी कवितेत मुरलेलं राजकारण वाटतं. देवीने निवडलं म्हणजे गादी पक्की. आणि तिने नजर फिरवली की संपलं. अक्कडच्या सार्गनची मुलगी एन्हेदुआन्ना ही उरला चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती; बंड झालं, तिला हाकललं. तिने इनान्नाला जे स्तोत्र लिहिलं त्यात प्रेमाचा शब्द शोधावा लागतो. ते आहे गाऱ्हाणं, आणि सूड मागणं.

सरळवाट

एवढं लांब कशाला जायचं? सिंह, युद्ध, सौंदर्य, स्त्रीशक्ती. ही आपली दुर्गाच आहे, इथूनच तिकडे गेलेली. नवरात्र तोंडावर असताना तरी हे मान्य करा. 🙏

नाणेघाटकर

सरळवाट, सिंह दिसला की दुर्गा, असं करू नका हो. पण तुम्ही ज्या वाटेकडे बोट दाखवताय तिथे खरंच काहीतरी आहे, फक्त दिशा उलटी आहे.

उरुकमध्ये नानाया नावाची देवी होती. प्रेमाची म्हणून खास ओळख असलेली, इश्तारच्या अगदी जवळची. तिची मूर्ती एलामच्या (आजचा नैऋत्य इराण) लोकांनी पळवली होती. अशुरबानिपालने एलामचं सुसा शहर लुटलं तेव्हा ती उरुकला परत आणली आणि दीड हजारांहून जास्त वर्षं ती परक्या मुलखात होती अशी बढाई मारली. ही नानाया पुढे पूर्वेकडे सरकत गेली. इराण, मग बॅक्ट्रिया (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा भाग). आणि तिथून थेट कुशाणांकडे. कनिष्क आणि हुविष्क यांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत 'नाना' असं लिहिलेली देवी आहे. डोक्याशी चंद्रकोर, काही नाण्यांवर सिंहावर बसलेली. अफगाणिस्तानात रबाताक इथे १९९३ साली जो शिलालेख सापडला, त्यात कनिष्क म्हणतो की मला राज्य दिलं ते नाना देवीने आणि सगळ्या देवांनी. वर चांदणवेल म्हणाल्या ना, देवीने निवडलं की गादी पक्की? हे तेच, दोनेक हजार वर्षांनी.

दुर्गेला सिंह नानाकडून मिळाला का, हा प्रश्न कलेतिहासात गांभीर्याने विचारला जातो. मथुरेकडच्या सुरुवातीच्या महिषमर्दिनींजवळ सिंह बहुधा नसतो, तो नंतर येतो. 'मिळाला असेल' इथवर मी येतो, त्यापुढे नाही.

एक सोनेरी कुशाण नाणं भिंगाखाली पाहायची संधी मिळाली होती. नखाएवढी देवी, हातात दांडा, त्याच्या टोकाला जनावराचं अर्धं धड. उरुकपासून निघालेली बाई इतक्या लांब आली आणि तरी अजून राजालाच हात देतेय!

सरळवाट

दिशा उलटी तर उलटी. नात्यातली निघाली ना? बास.

पुराणातली_वांगी

प्रवासाचा विषय निघालाच आहे तर इश्तारने स्वतः केलेला प्रवास सांगतो. इ.स.पू. १४व्या शतकात मितान्नीचा (आजच्या उत्तर सीरियाकडचं राज्य) राजा तुश्रत्त याने इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपला पत्र लिहिलं. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेल्या पत्रव्यवहारातलं हे. निनवेच्या देवीची मूर्तीच तो पाठवतोय. लिहितो, निनवेची देवी, सर्व देशांची स्वामिनी, असं म्हणाली: मला माझ्या आवडत्या देशात, इजिप्तला जाऊन यायचंय. पुढे म्हणतो, माझ्या भावाने तिचा मान राखावा, आनंदाने परत पाठवावं. आणि शेवटी हळूच: ही काय माझी एकट्याची देवता आहे, तुझी नाही?

देवीला इश्तारच्या चिन्हाने लिहिलंय, पण मितान्नीतले हुर्री लोक तिला शाउश्का म्हणत. आणि हा तुश्रत्त म्हणजे ज्या मितान्नी घराण्यातल्या राजांची नावं आपल्या वैदिक भाषेच्या नात्यातली, त्यांतला. त्याच्या मुलाच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य साक्षीला आहेत. म्हणजे घरी इंद्र-वरुण, आणि मित्राला भेट पाठवताना इश्तार.

आडवळण

मला एका व्यक्तीबद्दल बोलायचं होतं, जिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. इश्तारची सुटका कोण करतं? अक्कडी कथेत देव एआ एक व्यक्ती घडवतो: असुशुनामिर. ती असिन्नू आहे, म्हणजे इश्तारच्या सेवेतली, ना पुरती पुरुष ना स्त्री. सातही दारं तिला उघडतात, एरेश्किगल तिला पाहून खूश होते, आणि तेवढ्यात ती वर मागून बसते. राणी चिडते, पण शब्द गेलेला. इश्तार सुटते.

बक्षीस काय मिळतं? शाप. गावच्या गटारातलं खाशील, भिंतीच्या सावलीत उभा राहशील, उंबऱ्यावर बसशील, दारुड्याने आणि शुद्धीवरच्याने, दोघांनी तुझ्या गालात मारावी. हा मजकूर लिहिणाऱ्याने रस्त्यावर असं कुणीतरी रोज पाहिलं असणार, नाहीतर उंबरा, भिंत, गाल इतके नेमके येत नाहीत. आणि ज्या देवीसाठी तो गेला, ती यावर एक अक्षर बोलत नाही. चांदणवेल, तुमच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

सुमेरी कथा थोडी दयाळू आहे. तिथे एन्की (हाच अक्कडी एआ) नखातल्या मळातून दोघं घडवतो. ती जाऊन एरेश्किगलच्या वेदनेत सूर मिसळतात. ती 'आई गं, माझं पोट' म्हणाली की तीही 'आई गं, तुझं पोट' म्हणतात. बस, तेवढ्यावर ती पाघळते. खुंटीला टांगलेलं प्रेत त्यांना देऊन टाकते.

सांजवात

आडवळण, हे वाचून अंगावर काटा आला.

सगळा धागा पुन्हा वाचला. मला वाटतं आपण इश्तारमध्ये प्रेम शोधतोय, पण या गोष्टीत प्रेम दुसऱ्याच कुणीतरी केलंय. दुमुझीची बहीण. ती म्हणते ना, वर्षातले सहा महिने त्याच्याऐवजी मी पाताळात राहीन? गेश्तिनान्ना नाव बरोबर ना?

चांदणवेल

बरोबर, गेश्तिनान्ना. सुमेरी कथेत अर्धं वर्ष तो, अर्धं वर्ष ती. ही वाटणी इनान्नाच ठरवते, पण दुमुझीसाठी रडून झाल्यावर! आधी स्वतः पकडून दिला, मग त्याच्यासाठी विलाप. अक्कडी कथेच्या शेवटी बहिणीचं नाव बेलिली आहे आणि तिचं दृश्य फार जिवंत आहे. ती दागिने ल्यायला बसलेली, मांडीवर मौल्यवान खडे पसरलेले. भावाचा आक्रोश कानावर येतो, ती अंगावरचे दागिने झटकून टाकते, मांडीवरचे खडे घरभर विखुरतात आणि ती ओरडते, माझा एकुलता एक भाऊ, त्याला नका नेऊ. तिकडे दारोदार इश्तारचे दागिने उतरतात ते नियमाप्रमाणे. इथे बेलिली स्वतःच्या हाताने फेकून देते.

या रडण्याची पुढे रीतच झाली. उन्हाळ्यात तम्मुझच्या नावाने बायका शोक करत. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा जेरुसलेमच्या मंदिराच्या उत्तर दारी तम्मुझसाठी रडणाऱ्या बायका पाहतो आणि संतापतो. इराकमध्ये जुलै महिन्याला आजही तम्मुझ म्हणतात. म्हणजे नवरा महिन्याच्या नावात राहिला. इश्तारचं मात्र इतकं थेट काही उरलं नाही.

खणखणीत

माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण धागा उत्तम झालाय. एन्हेदुआन्नावर वेगळं लिहा. स्वतःचं नाव देऊन लिहिणारी जगातली पहिली ज्ञात लेखिका आणि तुम्ही तिला तीन वाक्यांत उरकलंत.

चांदणवेल

लिहिते. तिची अलाबास्टरची तबकडी पुरातत्त्वज्ञ वूलीला उरमध्ये तुकड्यांत सापडली, तिथून सुरुवात करीन. नाणेघाटकर, तुम्ही नानावर स्वतंत्र धागा काढा बघू. प्रतिसादात ती मावणारी नाही.

दुर्बीणवाला

दोन्ही धाग्यांच्या प्रतीक्षेत.